नावेतली बाई

पुणे, ६ ऑक्टोबर २०२४

ती. अन्सार मामूंना,

शि. सा. न. वि. वि. आणि सलाम. दोन्ही लिहिले. पहिलं मराठीच्या मॅडमनं शिकवलं, दुसरं नानीनं, कोणाले नाराज कायले करायचं?

फोन असून पत्र काहून, असं विचाराल. मामू, फोनवर तुम्ही जेवली का विचारता, मी हो म्हणते अन् तुम्ही ठेवता. उर्दू मले धड आली नाही, इंग्रजी तुम्हाले आली नाही, आपल्या दोघांत उरली मराठी. ती तरी पोटभर वापरू.

तुम्ही बांधून पाठवलेलं मधमाश्यांच्या माणसाचं पुस्तक दोन दिवसांत संपवलं. पहिली पन्नास पानं बोअर झाली. मंग तो म्हातारा पेट्या विकून टाकतो अन् तरी सकाळी सवयीनं रिकाम्या जागेकडे जाऊन उभा राह्यते ना, तिथं मी मेसमध्ये बसून रडली. उज्ज्वलाले वाटलं भाजी तिखट आहे. ही माझी रूममेट, दिग्रसकडच्या तांड्यावरची. जिल्दीले तुम्ही लावता त्या खळीतल्या मोरचूदाचा वास तिले सहन होत नाही, म्हणते पुस्तक उशाशी ठेवू नको. मले तर त्या वासाशिवाय पुस्तक पुस्तकच वाटत नाही. मारेगावच्या दुकानात बसल्यासारखं वाटते.

आता कामाचं. आमच्या कॉलेजात दर शनिवारी रीडिंग सर्कल असते. या टर्मले नियम असा, की प्रत्येकानं आपल्याले वाचक बनवणारं एक पुस्तक आणायचं अन् त्याचा शेवट मोठ्यानं वाचायचा. माझी पाळी ३० नोव्हेंबरले आहे. सगळ्यांनी इंग्रजी नावं दिली. मी सांगितलं, निळं पुस्तक. त्याले नावच नाही, वरचं पान फाटलेलं होतं अन् माझ्या मामूनं निळं रेक्झिन लावलं म्हणून ते निळं. मी त्यायले गोष्टही सांगितली. खाडीपलीकडे मिठागरात कामाले गेलेली आई, इकडे नावाड्या मामाजवळ राहणारी पोरगी, रोज धक्क्यावर जाऊन नावा मोजणारी. अन् शेवटी नावेतून उतरणारी ती पदर घेतलेली बाई.

रत्नागिरीची एक मैत्रीण आहे, तिनं लगेच विचारलं, की मिठागरातून येणाऱ्या बाईच्या पिशवीत सीताफळं कुठून आली. मी म्हटलं, पुस्तकात आहे तसं आहे.

तर मामू, निळं पुस्तक पाठवा. लहानपणी मले मराठी वाचता येत नव्हती म्हणून तुम्ही वाचायचे. वाचता आल्यावर तुमच्याशिवाय ते हातात घ्यावंसं वाटलं नाही, अन् ते तुमच्या सगळ्यात वरच्या फळीवर. यावेळी मीच वाचीन.

नानीच्या गुडघ्याले तेल लावा. माझ्यावर आहे तितकी माया राहू द्या, जास्त झाली तर पार्सलमध्ये टाका.

तुमची,
जेबा

—

मारेगाव, १७ ऑक्टोबर २०२४

चि. जेबास,

अ. उ. आ. आणि दुवा.

पत्र भेटलं. नानीले दोनदा वाचून दाखोलं. सीताफळाच्या जागी ते हसली अन् मंग डोळे पुसत आत गेली. गुडघा तसाच आहे, पण कोणाच्या घरी पाहुणे आले म्हटलं की बराबर चालते.

मी सध्या शाळेचे हजेरीपट बांधून राह्यलो. एका रजिस्टरचे आठ पानं उंदरानं नेले. गुरुजी म्हणे, हायेत तेवढे शिवून द्या. मी म्हटलं, तसं माह्या हातून होत नाही. ज्यानं मले जिल्द बांधाले शिकवलं त्या उस्तादची शिकवण होती, जितके पानं गहाळ तितके कोरे लावायचे. आज ना उद्या कुठं सापडले तर उतरून घेता येतात, अन् नाही सापडले तरी पुस्तकाले आपलं काय गेलं ते ठाऊक राह्यते. गुरुजीनं डोकं हलवलं. समजलं की नाही, अल्ला जाने.

तुह्यासाठी दुसरं पुस्तक पाठवतो. खुनाचं आहे. वाचनालयाच्या रद्दीतून आलं तवा पार खिळखिळं झालतं. बेटा, पुस्तकाची कड पाह्यली की वाचणारे कळतात. याचं एकशेबारावं पान सगळ्यात मळकं आहे, म्हणजे गावातले सारे त्याच पानावर थांबून मागं गेले. खुनी तिथंच हाये. मी शिवता शिवताच पकडला. तू पाह्य, तुले जमते का. हेच वाच तुह्या त्या सर्कलात, लोक खुर्चीवरून हलणार नाहीत.

निळ्याचं म्हणशील तर त्याची पाठ सुटली हाये. रेक्झिनही तडकलं. प्रवासात टिकणार नाही. अन् लहानपणचं पुस्तक मोठेपणी उघडू नये, अक्षरं लहान वाटतात.

सीताफळाचं मले काय विचारते, लिहिणाऱ्याले विचारजो.

माया मापात आहे, कमी पडली तर कळवजो.

तुहा मामू,
अन्सार

—

पुणे, ३ नोव्हेंबर २०२४

ती. मामू,

शि. सा. न. वि. वि. आणि सलाम.

खुनी मले ऐंशीव्या पानावर सापडला. तुमच्या गावापेक्षा बत्तीस पानं आधी. पुस्तक मस्त आहे, पण त्यात कोणीच कोणाची वाट पाहत नाही. सगळे नुसते एकमेकांवर नजर ठेवून असतात. शेवट कळला की परत वाचावंसं वाटत नाही. निळ्याचा शेवट तर मले पाठ होता, तरी मी रोज मागायची.

पाठ सुटली असन तर तुम्ही बसवा. तुम्ही जिल्दसाज, मी तुम्हाले काय सांगू? उगाच बहाणे करू नका, तुम्हाले जमत नाहीत.

सांगणार नव्हती, पण सांगते. अम्मी पुण्याले आलती. तिच्या सासरचं लग्न होतं हडपसरले. म्हणाली, रविवारी अकराले स्टेशनवर ये, गाडीच्या आधी एक तास बसू. मी साडेदहालेच गेली. पावणेदोनले तिचा मेसेज आला, की ते लोक परस्पर दुसऱ्या गाडीनं आदिलाबादले निघाले, पुढच्या वेळी नक्की. मी राग नाही केला. मले सवय आहे.

पण हॉस्टेलवर आली तर मले दुसरं काहीच नको वाटलं. इतकी पुस्तकं आहेत खोलीत, एकाचंही पान उलटलं नाही. फक्त ते शेवटचं पाहिजे होतं, नाव धक्क्याले लागते तिथपासूनचं. अन् मामू, मले ते आता छापलेलं पाहायचं आहे. कोणीतरी, कधीतरी, आई परत येते असं लिहून छापून ठेवलं आहे, एवढं मले माझ्या डोळ्यानं पाहायचं आहे.

पाठवा.

लोभाचं काय लिहू, तुम्हाले माहीतच आहे.

जेबा

—

मारेगाव, २२ नोव्हेंबर २०२४

चि. जेबास,

अ. उ. आ.

पुस्तक आज टाकलं. घड्या सोडवून नवी जुजबंदी शिवली, रेक्झिन तेच ठेवलं. ही चिठ्ठी त्याच्यातच ठेवली होती, पण पोस्टातला माणूस म्हणे बुक पोस्टात चिठ्ठी चालत नाही, वेगळी टाका. म्हणून वेगळी. दोन्ही संगंच पोचतील असं म्हणाला.

पुस्तक उघडायच्या आधी हे वाच. अन् शेवटचा भाग एकटी पाह्य, लोकायसमोर नाही.

तू सात वर्षांची होती. शाळेच्या रद्दीत ते पुस्तक आलं. वरचं पान नव्हतं अन् शेवटची जुज, शिवलेली घडी, नव्हती. सोळा पानं. मी उस्तादच्या रीतीनं सोळा कोरे लावले. त्याच महिन्यात तुह्या अम्मीचा, शबानाचा, दुसरा निकाह झाला अन् ते आदिलाबादले गेली. म्हणाली, घर लागलं की महिन्याभरात पोरीले घेऊन जाईन. तू तवा रोज स्टँडवर जाऊन बसायची, मी घेऊन यायचो. मंग दुकानात तुले हे पुस्तक वाचून दाखवायले लागलो.

छापलेलं जिथं संपते तिथं नाव पाण्यात हाये. आत एक बाई हाये, तोंडावर पदर हाये. बस. पुढं कोरं. तू माह्या मांडीवर, डोळे माह्या तोंडाकडे. नाव पाण्यात सोडून पुस्तक मिटवणं माह्यानं झालं नाही. मी कोऱ्या पानाकडे पाहून वाचत गेलो. दुसऱ्या दिवशी तू तेच मागितलं अन् मले तेच आठवून सांगा लागलं.

त्याच्या आधी शबाना पहिल्यांदा भेटाले आली तवा सीताफळं आणलती. तेवढंच माह्याजवळ होतं, तेच बाईच्या पिशवीत टाकलं. समुद्र मी अजून पाह्यला नाही.

दुसरी प्रत लय शोधली. यवतमाळ, वणी, नागपूरची रद्दी पाह्यली. नावच माहीत नसलेलं पुस्तक कसं शोधतात? खरा शेवट काय, मले ठाऊक नाही.

छापलेलं मागत होती म्हणून पाठवायले हात थांबला होता. फसवलं असं वाटलं तर राग कर, पण जेवण सोडू नको.

अन्सार

—

पुणे, ४ डिसेंबर २०२४

ती. मामू,

शि. सा. न. वि. वि. आणि सलाम.

तुमची चिठ्ठी परवा आली. पुस्तक २९ तारखेलेच आलं होतं.

मी ते उघडलं नाही. वास घेतला फक्त. मले वाटलं, पहिल्यांदा सगळ्यांसमोरच उघडावं.

शनिवारी चौदाजण होते. मी धक्क्याचं पान शोधून तिथून वाचायले सुरुवात केली. छापलेलं होतं, छान मोठी अक्षरं, लहान अजिबात वाटली नाहीत. पोरगी नावा मोजते, मामा वल्हं धुते, लांबून नाव दिसते. बाईच्या तोंडावर पदर. मी पान उलटलं.

कोरं होतं. अजून एक उलटलं, तेही कोरं. मले वाटलं, चुकीचं पुस्तक आलं. मंग तुमच्या टाक्याची गाठ दिसली, आतल्या बाजूनं, तुम्ही मारता तशी दुहेरी. अन् उंदरानं नेलेली आठ पानं आठवली. मले सगळं कळलं, मामू, एका सेकंदात.

बाजूले उज्ज्वला होती, तिले पान दिसत होतं. तिनं तिचा पाय माझ्या पायावर ठेवला.

मी वाचलं. नाव लागली, बाईनं आधी पिशवी वर दिली, मंग हात. पदर सरकला. तिनं पोरीले पाहून पहिलं काय म्हटलं, तर फ्रॉक किती आखूड झाला म्हणून. एकही शब्द चुकला नाही. तुम्ही जिथं पान उलटायचे तिथंच मी उलटलं, जिथं खोकायचे तिथं थांबली. सोळाही पानं. सीताफळं आली तवा रत्नागिरीवाली हसली नाही. सर्कलच्या मॅडम म्हणाल्या, लेखकाचं नाव शोधायले पाहिजे. शेवटच्या पानांची झेरॉक्स मागितली. मी म्हटलं, जुजबंदी आहे, मशीनवर सपाट बसत नाही.

राग आला. परत येताना बसमध्ये आला, हॉस्टेलच्या गेटपर्यंत टिकला. सतरा वर्षांची होईपर्यंत मले वाटत होतं, की एवढं छापलेलं आहे तर कुठंतरी खरं झालंच असन. त्याचा राग. मंग मी मेसमध्ये गेली अन् दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. तुम्ही लिहिलं म्हणून नाही, चिठ्ठी तवा आलीच नव्हती.

काल पेन घेऊन बसली होती. वाटलं, तुमचा शेवट त्या पानांवर उतरून काढावा. पहिली ओळ डोक्यात होती. पण पेन ठेवून दिला. मी लिहिलं तर तुम्ही ते चष्मा लावून माझ्यासारखं वाचाल, अन् मले तुमच्यासारखं पाहिजे. अम्मी येवो न येवो, ती बाई तुमच्या आवाजात उतरते.

जानेवारीत दहा दिवस सुट्टी आहे. पुस्तक संगं आणते. मांडीवर आता बसता येणार नाही, पण बाजूले बसीन, पान दिसते त्या बाजूले. तुम्ही वाचा. मी यावेळी तुमच्या तोंडाकडे नाही, पानाकडे पाहीन. अन् सीताफळं विसरलात तर तिथंच थांबवीन.

नानीले सांगा, स्टँडवर कोणी घ्यायले येऊ नये. रस्ता मले माहीत आहे.

तुमची,
जेबा