अठरा किलो सातशे

ता. ३, सोम.
आजपण मला कोणी विचारलं नाही. खोपटच्या छापखानेवाल्याचा फोन मीच उचलला. इतकी वर्षं "आजी, कागद कुठला घेऊ" करणारा माणूस. आज म्हणतो, "आजी, जरा वहिनींना द्या ना, जीएसएमचं, कागदाच्या जाडीचं बोलायचंय." दिला सुनेला. आपटला नाही. रेश्मा हसून हसून बोलत होती, जसं काही कागदाचं दुकान माहेराहून घेऊन आलीय.

ता. ४
जेवताना सुनील, "आई, रेश्मा कॅल्क्युलेटरवर मिनिटात वजन काढते." मी कागद दोन बोटांत धरून सांगायची तेव्हा कुठे गेलेलं रे तुझं तोंड? आमटी खारट होती. बोलून दाखवलं.

ता. ६, गुरु.
सत्तर जीएसएमचं रीम म्हणजे अठरा किलो सातशे. आमच्या ह्यांनी गल्ल्यावर बसवलं तेव्हा पाठ करून घेतलेलं. सकाळी दुकानात मी एकटी. खोपटवाल्यासाठी मागवलेला कागद घेऊन गोदामवाल्याचा टेम्पो आला, पुड्यावर सत्तर लिहिलेलं. काट्यावर टाकलं, साडेतेरा. दुसरं टाकलं, साडेतेरा. "पाच किलो वाटेत खाल्लास काय रे?" चाळीसच्या चाळीस रिमं परत. गोदामवाल्याला फोनवर चोर म्हटलं. लय बरं वाटलं. रेश्माला जमलं असतं?

तीच ता., दुपार
रेश्मा आली. ओरडली नाही, तेच तर. "आई, साइज बघितली?"
वीस बाय तीस. माझं पाठ केलेलं तेवीस बाय छत्तीसचं. आमच्याकडे दुसरी साइज यायचीच कुठे! कागद लहान तर पाचशे कागदांचं रीमपण हलकं. तिने पाठकोऱ्या कागदावर मांडून दाखवलं. इंचात लांबी गुणिले रुंदी गुणिले जीएसएम, भागिले एकतीसशे. साडेतेराच आलं. माल बरोबर होता.
खोपटवाल्याला शनिवारी वह्या छापायला घ्यायच्यात. कागद नाही मिळाला तर तो दुसरं दुकान बघेल.

ता. ७
रेश्माने सुनीलला अजून सांगितलं नाही. सांगितलं असतं तर भांडता तरी आलं असतं.
तिचा कागद घेऊन बसले. तेवीस, छत्तीस, सत्तर. चौथीपर्यंतचा भागाकार, तीनदा चुकला. मग आलं. अठरा किलो सहाशे सत्त्याण्णव. ह्यांचंच उत्तर.
म्हणजे ह्यांना रीत माहीत होती. मला नुसतं उत्तर देऊन गेले. मी चाळीस वर्षं तेवढ्यावर मिरवले. आणि कालच्या पोरीला रीत येते.

तीच ता., नंतर
गोदामवाल्याचा निरोप आलाय. दहा वाजता फोन करतो, चोर कोण म्हणालं ते सांगा, मग माल पाठवायचा का बघतो.
सुनीलने फोनला हात लावायचा नाही. रेश्माने कॅल्क्युलेटर घेऊन शेजारी उभं राहायचं, तोंड बंद. चोर मी म्हटलंय. उत्तर मीच देणार.