लाल फडक्याखालचा गाळ

१७ एप्रिल २००३, गुरुवार

तलावात उरलंय ते पाणी चार म्हशींना बसायला पुरेल एवढंच. मला बरंच झालं — नमुने घ्यायला होडी लागली नाही! बारा ठिकाणं, प्रत्येकी पसाभर गाळ. आबांनी लोखंडी खोरं पुढं केलं, मी प्लास्टिकचं कालथं काढलं. लोखंडाचे कण गाळात मिसळले तर हिशेब चुकतो, असं समजावून सांगितलं. ते मेंढरांकडं बघत म्हणाले, "एमेस्सी करून चिखल पिशवीत भराया शिकलीस व्हय?"

आईनं मात्र पिशव्या सावलीत नीट मांडून ठेवल्या. वहिनीला चौथा महिना लागलाय. तिला चिखलाचा वास आवडला म्हणे!

सात नंबरचा गाळ वेगळा आहे. जास्त काळा आणि लोण्यासारखा मऊ. ओढा तलावात शिरतो तिथला. वर सडकेला पत्र्याचं एक शेड होतं, जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढायचे. गेल्या वर्षी बंद पडलं. मालक कोण होता ते गावात कुणालाच आठवत नाही.

१९ एप्रिल, शनिवार

पुण्यात परत. नमुने वाळत घातले. खोलीतल्या मैत्रिणीनं नाक दाबून घेतलं.

६ मे, मंगळवार

धातू मोजायच्या मशीनवर नंबर लागला एकदाचा. दहा ठिकाणी शिसं नेहमीएवढंच, किलोमागं वीस-पंचवीस मिलिग्रॅम. आठ नंबरला नव्वद. सात नंबरला तेराशे चाळीस.

तीनदा मोजलं. आकडा तोच.

खरं सांगायचं तर आधी आनंद झाला. प्रबंधात काहीतरी सापडलं! मग जेवताना आठवलं की गावात ट्रॅक्टर गाळ वाहतायत. दुष्काळामुळं तलाव कोरडा, म्हणून सगळे शेतात गाळ टाकून घेतायत. मोठ्यांना शिसं सावकाश बाधतं. रांगत्या पोरांना आणि पोटातल्या बाळांना लगेच — मेंदूच वाढत नाही नीट. हे मी सेमिनारमध्ये पडद्यावर चित्र दाखवून सांगितलंय. टाळ्या मिळाल्या होत्या.

माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "एका नमुन्यावर बोलायचं नसतं. पुन्हा घ्या, दहा-दहा फुटांवर. तोपर्यंत गावात चकार शब्द नको, उगाच घबराट होते."

पटलं मला. शास्त्र असंच असतं.

८ मे, गुरुवार

गावी. सात नंबरच्या जागी काठी रोवली. लांबून दिसावी म्हणून माझ्या जुन्या लाल ओढणीचा तुकडा तिला बांधला आणि भोवतीनं नमुने घेतले. संपत — सोपानरावांचा ट्रॅक्टर चालवतो तो — इंजिन चालू ठेवून बघत उभा होता. "ताई, हितं काय घावलं?" म्हटलं, तपासणी चालू आहे. "बरं हाय का वंगाळ?" म्हटलं, अजून सांगता येत नाही. तो हसला. कशाला हसला, कळलं नाही.

आबांना एवढंच सांगितलं की मेंढरं तिकडं चरायला सोडू नका. का, ते सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. पोरीवर फार विश्वास!

१९ मे, सोमवार

दुसरी खेप. बाराशे दहा, चौदाशे, अकराशे नव्वद. सर म्हणाले, आता बोला. तलाठ्यालाही लेखी द्या.

२१ मे, बुधवार

घोडेगावला एसटी बदलून दुपारी पोचले. पिशवी घरी टाकली आणि तशीच तलावावर गेले.

काठी आहे. फडकं आहे. भोवती कमरेएवढा खड्डा!

बाकीचा तलाव अर्धा तसाच पडलाय. फक्त तिथला गाळ खरवडून नेलाय, अगदी मुरूम लागेपर्यंत. काठीखालची ढेकळं तेवढी सोडलीत, काठी पडू नये म्हणून!

संपतला गाठलं. तो खूश. "ताई, तुमी खूण केली म्हंजी पुण्याच्या लॅबनं पास केल्याला गाळ! लोकं आदी तिथलाच भरा म्हनत व्हती. मारामारी व्हायची येळ आली राव."

आमच्या गावात लाल फडकं कशाला बांधतात हे मला ठाऊक नव्हतं का? नव्या विहिरीला, नव्या ट्रॅक्टरला, देवाच्या झाडाला. वाईट जागेला कुणी बांधत नाही. मी इथंच जन्मले, आणि बांधताना हे डोक्यातही आलं नाही. फक्त 'लांबून दिसेल' एवढंच आलं.

आणि तोंड उघडलं असतं तर फडक्यानं काही बिघडलं नसतं. तेरा दिवस गप्प बसले मी.

२२ मे, गुरुवार

संपतनं खेपा आठवून सांगितल्या. सात नंबरच्या पाच ट्रॉल्या. तीन सोपानरावांकडं, कांद्याचं रोप टाकायच्या वाफ्यात. एक गेणभाऊंच्या मेथीत. एक अंगणवाडीच्या अंगणात, पोरांना पडल्यावर लागू नये म्हणून पसरायला.

अंगणवाडीत पळतच गेले. सुट्टी आहे, पण पोरं तिथंच खेळतात. चिखलाच्या गाड्या करत होती. एकाच्या ओठाला काळं लागलेलं. लंकाबाई सेविका म्हणाल्या, "आगं, मऊ हाय म्हनून तर टाकला." मी ओरडले त्यांच्यावर. त्या रडल्या. मग मी सगळं सांगितलं आणि दोघींनी मिळून पोरांचे हात धुतले, नखांतला काळा गाळही काढून.

२३ मे, शुक्रवार

सोपानराव ओट्यावर बसले होते. आकडे सांगितले, कागद दाखवला. बराच वेळ कागद उलटा-सुलटा केला त्यांनी.

"यमाजीची पोर ना तू? मग खूण केली त्याच दिशी का न्हाई सांगितलं?"

"पक्कं नव्हतं."

"आमाला पक्कं नको व्हतं. नुसतं 'थांबा' म्हनाली असतीस तरी थांबलो असतो."

पण माणूस सरळ. चहा पाजला आणि संपतला हाक मारली — अंगणवाडीचा गाळ आधी उचल, मग आपला. टाकायचा कुठं हे मला विचारलं. मला तेही माहीत नव्हतं! सरांना फोन केला. पोत्यांत भरून, वर ताडपत्री घालून सडकेवरच्या त्या बंद शेडमध्ये ठेवा म्हणाले.

२६ मे, सोमवार

पाचही ट्रॉल्यांचा गाळ गोळा झाला. गेणभाऊंनी मेथी उपटून खड्ड्यात पुरली. अंगणवाडीतल्या चौदा पोरांची रक्ततपासणी करायची, सर पुण्यात बोलतायत. आमच्या घरी विचारायचं काही कारण नव्हतं. आपली जमीन ती केवढी, आणि ट्रॉली काही आपल्याकडं आली नाही.

आज पहिल्यांदा नीट जेवले.

२८ मे, बुधवार

पाणी प्यायला आत गेले. वहिनी चुलीपाशी तव्यावर काहीतरी भाजत होती. मला बघून तिनं मूठ पदराआड नेली. मला हसू आलं. काय लपवतेस म्हटलं.

सुपारीएवढी काळी ढेकळं.

"माती खावीशी वाटतीया सारखी. आत्याबाई म्हनल्या, खायची तर भाजून खा. मामंजींनी तुमच्या खुनंपासलं घमेलंभर आनलं व्हतं, चूल सारवाया. त्यातलंच हाय. लई ग्वाड लागतं, वन्सं."

कधीपासून, असं विचारलं.

"पंधरा दीस झालं."

उरलेला गाळ पिशवीत भरलाय. पिशवीवर ठिकाण लिहावं लागतं. लिहिलं — आमचं स्वयंपाकघर. पहाटेच्या एसटीनं तिला पुण्याला नेणार, रक्त तपासायला. तिला वाटतंय मी हौसेनं पुणं दाखवायला नेतेय. नवी साडी काढून ठेवलीय तिनं.