कोरी वाळू

४ फेब्रुवारी

ती आजही प्रयोगशाळेत डॉक्टरबरोबर जेवली. डॉक्टर! साधी तापाची गोळी देता येत नाही, पण मोठी पदवी आहे म्हणून सगळे डॉक्टर म्हणतात. खाणीबाहेर पडलेल्या टाकाऊ गाळातून सोनं काढायची युक्ती म्हणे त्याने शोधली आहे. ती डबा पुढ्यात तसाच ठेवून ऐकत होती. मी टेम्पोतून नमुन्यांच्या पिशव्या उतरवत होतो. एक मुद्दाम आपटली. तिने वर पाहिलं नाही. त्याने पाहिलं.

६ फेब्रुवारी

भोंगा झाल्यावर नेहमीसारखा फाटकाशी थांबलो. ती उशिरा आली. म्हणे, "चक्की साफ करत होते. संध्याकाळी मुख्य खाणीचा सोन्याचा दगड दळला की चक्कीत कोरी वाळू फिरवावी लागते. नाहीतर त्याची भुकटी सकाळच्या नमुन्यात जाते."

सकाळचा नमुना म्हणजे डॉक्टरचा. त्याच्यासाठी किती ती काळजी! "चक्कीच साफ करत होतीस ना?" असं मी विचारलं. बसथांब्यापर्यंत मी तोंड फिरवून चाललो.

११ फेब्रुवारी

हल्ली भोंग्याबरोबर बाहेर येते. डॉक्टरला कंटाळली असेल. आज शीळ घालत घरी आलो. मामी म्हणाली, "काय, लॉटरी लागली?"

१९ फेब्रुवारी

गाळात सोनं सापडलं. रोज सापडतंय. डॉक्टरने सगळ्यांदेखत तिला सांगितलं, "तुमच्या हाताला यश आहे." हाताला! म्हणजे याचं लक्ष हाताकडे. आणि ती लाजली. माझ्यासमोर कधी लाजली नाही.

२२ फेब्रुवारी

कंपनीने नवे शेअर काढलेत. मामांच्या बाहेरच्या खोलीत त्यांचे भागधारक मित्र जमले होते. बँकेतून निवृत्त झालेले एकजण आहेत, सगळे त्यांना शंकासूर म्हणतात.

"एवढं सोनं निघतंय तर बाहेरच्या प्रयोगशाळेत का तपासत नाहीत?"

"युक्ती फुटेल ना," मामा म्हणाले.

"गाळ तपासायचाय हो, युक्ती नाही."

"तुम्ही लग्नातसुद्धा नवरी तीन वेळा बदलून बघितली असेल."

"बघायला हवी होती," शंकासूर म्हणाले. सगळे हसले, पण मामा सही करणारच. फंडाची सगळी रक्कम घालणार. सगळे गेल्यावर मामा मला म्हणाले, "पैसे आले की तुला पुन्हा कॉलेजात घालतो."

त्या टकल्या डॉक्टरच्या जिवावर मी शिकू? त्यापेक्षा जन्मभर पिशव्या वाहीन.

२४ फेब्रुवारी

घरासमोर बांधकामाची वाळू पडली आहे. बारीक चाळली. टेम्पोत डॉक्टरच्या गाळाची पिशवी रिकामी करून तीत ती भरली. चिठ्ठी त्याचीच. आता सकाळी माझी वाळू चक्कीत जाईल. बघू काय सापडतं.

२७ फेब्रुवारी

वाळूतही सोनं!!

म्हणजे सगळं थोतांड. मेला डॉक्टर! आता बघ म्हणावं ती कोणाबरोबर जेवते. दिवसभर तोंड दाबून हसत होतो.

१ मार्च

भागधारकांची सभा. मामा पेन उघडून बसले होते. मी मागून उठलो आणि सगळं सांगून टाकलं, वाळू, पिशवी, चिठ्ठी. एकच गोंधळ. शंकासूर खुर्चीवर चढले.

डॉक्टर ओरडेल असं वाटलं होतं. तो हळूच तिच्याकडे वळला. "संध्याकाळी तुम्ही कोरी वाळू फिरवत होतात ना?"

ती उभी राहिली.

"नाही."

तो चष्मा पुसत राहिला. मग माइकवर म्हणाला, "आतापर्यंतचे सगळे निकाल रद्द समजा. कृपया कोणी पैसे घालू नका."

तिला तिथल्या तिथे काढून टाकलं. मामांनी पेन बंद केलं. "वाचवलंस रे," म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "कॉलेजचं मात्र राहिलं."

जिंकलो. मग जेवण का गेलं नाही?

२ मार्च

तिच्या घरी गेलो. तिने दार अर्धंच उघडलं. मी विचारलं, असं का केलंस?

म्हणाली, "तू फाटकाशी उभा असायचास. उशीर झाला की तोंड फिरवायचास. वाळू फिरवायला वेळच कुठे होता?"