मामंजींचा चेंडू

ओसाका, ३ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू पाठवलेली आंबवलेली मासळी पोचली. डबा उघडला नि शेजारच्या बाईंनी खिडकी लावून घेतली. मामंजींनी मात्र दोनदा भात घेतला.

त्यांच्याबद्दलच लिहायचंय. डॉक्टर म्हणतात, उजवा डोळा गेल्यातच जमा आहे, डावाही मंदावलाय. तरी दर गुरुवारी स्वतः गाडी चालवत तुमच्या गोल्फच्या मैदानावर येतात. अडवलं की म्हणतात, दोनशे पावलांवरचा चेंडू दिसतो, मग समोरचा ट्रक दिसणार नाही? बारा वर्षं तू त्यांची कॅडी आहेस, त्यांच्या काठ्या वाहतेस. तुझं ऐकतील. तूच सांग.

तुझी,
चिझुरू

ओत्सु, १० ऑक्टोबर

चि. सौ. चिझुरू हीस अ. उ. आ.

दोष माझाच आहे गं. गेली दोन वर्षं त्यांचा चेंडू मीच बघते. झाडीत गेला तर गुपचूप उचलून हिरवळीवर ठेवते आणि सुरेख बसला म्हणून सांगते. म्हाताऱ्या माणसाचा दिवस आनंदात जावा, एवढंच मनात होतं. गाडीचा विचार मनाला कधी शिवलाच नाही.

काल सातव्या होलवर, जिथून खाली सगळं बिवा सरोवर दिसतं, त्यांनी नेहमीसारखं विचारलं, कुठे पडला? हिरवळीपुढच्या तळ्यात, म्हटलं. दुसरा मारला. तोही तळ्यात. मग सगळं सांगून टाकलं. त्यांनी काठी पिशवीत ठेवली. एवढंच म्हणाले, म्हणजे दोन वर्षं मी खेळलोच नाही, सुमिए-सान, तुम्हीच खेळत होता. खेळ अर्धा सोडून निघाले. गाडी इथेच ठेवली, पण स्टेशनापर्यंत माझी सोबतही नको म्हणाले.

रागावले असतील तर तसं लिही. लपवू नकोस.

तुझी ताई,
सुमिए

ओसाका, १४ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न.

रागावलेत, लपवत नाही. दोन दिवस ताट खोलीतच मागवलं. रविवारी जेवताना ह्यांना म्हणाले, जाऊन गाडी घेऊन ये आणि विकून टाक. मग माझ्याकडे वळून म्हणाले, तुझी बहीण खोटं फार सफाईने बोलते. हसले नाहीत, पण चहा मागितला.

पुढच्या गुरुवारी मी त्यांना रेल्वेने घेऊन येतेय. खेळणार नाहीत. सातव्या होलपर्यंत चालत जायचंय म्हणतात. तिथे उभं राहून सरोवर कसं दिसतंय ते तू सांगायचंस. धुकं असेल तर धुकं आहे म्हणायचं, अशी ताकीद दिलीय.

लोभ आहेच, तो तसाच राहू दे.

तुझी,
चिझुरू