मामांची किंकाळी आणि माझी रजा

मामा, तुमचं गाणं म्हणजे फरशीवरून ओढलेलं लोखंडी कपाट, असं मी एकदा म्हणालो, ते अजून धरून बसलाय? साष्टांग नमस्कार. (वाकलेलाच राहतो, पुढचं वाचून धपाटा घालायला सोपं.) गुडघे कसे आहेत? मामींचा खोकला?

मी आता धुलाईच्या कारखान्यात आहे. (आधीची नोकरी सोडली, आईला सांगू नका.) हॉटेलांच्या चादरी आम्ही चौघं चार टोकांना धरून झटकतो. ताल चुकला की घडी तिरकी. म्हणून मी एकदा फोनवर तुमचं तीस वर्षांपूर्वीचं रॉक गाणं लावलं. (माझ्याकडे कसं, ते विचारू नका.) जिथे तुमची ती किंकाळी येते, तिथे बरोबर चादर झटकायची. शंभराच्या जागी एकशेचाळीस चादरी व्हायला लागल्या. इस्त्रीवाल्या ताईंनी त्याचा व्हिडिओ काढून इंटरनेटवर टाकला, आणि आता कुठकुठली माणसं तुमच्या किंकाळीवर चादरी झटकतायत. जे ऐकून तुमच्या सासऱ्यांनी लग्न मोडायला काढलं होतं, ते आमच्या मुकादमाच्या फोनवर वाजतं.

कोण हा गायक, असं सगळे विचारायला लागले. मी छाती फुगवून म्हणालो, माझे सख्खे मामा. तिथेच माती खाल्ली. मुकादम हळूच म्हणाला, "म्हणजे गेल्या महिन्यात वारले तेच ना हे?"

मामा, मला चार दिवस रजा हवी होती. (मित्राकडे मोटारसायकल होती, समुद्र बघायचा होता.) लांबचा नातेवाईक गेला तर इथे रजा देत नाहीत आणि वडिलांचं नाव घ्यायची हिंमत झाली नाही. तुम्ही घरात सगळ्यांत दणकट, बोलण्याने काही होणार नाही म्हणून तुम्हाला निवडलं. आता किंकाळी आली की सगळे आधी माझ्याकडे बघतात, मग चादर झटकतात.

तुमचा (गाणं तसं बरंच आहे हो) भाचा

ता. क. व्हिडिओ बघून तुम्ही ते जुनं चामडी जाकीट उन्हात वाळत घातलंय आणि इथे येऊन गाणार म्हणताय, असं मामी म्हणाल्या. जरूर या. मालक शनिवारी कार्यक्रमच ठेवतोय, तुमच्या स्मरणार्थ. फक्त मामांचे धाकटे भाऊ म्हणून या, नाहीतर ही नोकरीही जाईल. आवाज तोच कसा, असं कुणी विचारलं तर घराण्याचा आहे म्हणा.

आणखी ता. क. कामगारांनी मामींसाठी वर्गणी काढली. नको म्हणायला तोंड उघडलं, तर मला रडू फुटतंय असं समजून त्यांनी आणखी भर घातली. ती माझ्याने खिशात घालवेना. मामींच्या नावावर पाठवतोय, पोचल्याचं त्यांनीच लिहावं, तुम्ही सही करू नका: अक्षरी चार हजार तीनशे वीस.