चाळीस दिवसांत किरिए

१६ फेब्रुवारी १९८३, राखेचा बुधवार

फादर मिनेझिस मोटरसायकलवरून आले. सगळ्यांच्या कपाळाला राख लावली; ईस्टरआधीचे उपवासाचे चाळीस दिवस सुरू. मिस्सा-प्रार्थना झाल्यावर म्हणाले, लातूर जिल्हा झाल्यापासूनचा हा पहिला ईस्टर. स्वतः महागुरू, म्हणजे बिशप, येणार आहेत. गायनाचं कोण बघेल?

माझा हात आपोआप वर गेला. मी सांगितलं की औरंगाबादला मी चर्चच्या गायनवृंदात चार वर्षं होतो. (खरं म्हणजे पाच महिने. पण नियमित.) फादरना फार आनंद झाला. कोणाला शिकवणार, असं विचारलं. म्हटलं, घरातच सुरुवात करतो. माझी तीन मुलं आहेत: एस्तेर अकरा, रूबेन आठ, लिली पाच.

प्लॅन : रोज सकाळी सहा ते साडेसहा. ईस्टरपर्यंत तीन मराठी गीतं, आणि मुख्य म्हणजे मिस्सेत म्हणतात तो जुन्या पद्धतीचा किरिए, लॅटिनमध्ये. लातुरात हे कोणी ऐकलेलं नसणार. जिल्ह्याला शोभेल असं काहीतरी पाहिजे.

सिंधुला सांगितलं. ती म्हणाली, "बरं." तिला गाण्यात इंटरेस्ट नाही.

१८ फेब्रुवारी, सकाळी

सहाला वर्ग सुरू. सहा वाजून पाच मिनिटांनी गल्लीत टँकर आला. तिन्ही विद्यार्थी कळशा घेऊन पळाले. सिंधुही गेली. मी एकटाच पेन्सिल हातात धरून उभा.

गंमत म्हणजे कलेक्टर ऑफिसात मी टंचाई शाखेतच आहे. कोणत्या गावाला कधी टँकर जायचा तो तक्ता माझ्याच अक्षरात असतो. आपल्या गल्लीचा टँकर मात्र नगरपालिकेचा. त्यांच्याकडे तक्ता नसावा.

बदल : वर्ग संध्याकाळी सातला.

२१ फेब्रुवारी

किरिए सुरू केला. रूबेननं अर्थ विचारला. प्रभू, दया कर, असा आहे म्हणून सांगितलं. लिली म्हणाली, "मग मराठीत म्हणा ना. देवाला मराठी येत न्हाई का?" मी म्हटलं, येतं, पण लॅटिनमध्ये मान राहतो. लिलीनं विचारलं, "कुणाचा?"

वर्ग लवकर सोडला.

२६ फेब्रुवारी

ऑफिसातल्या मल्लिकार्जुनकडून पेटी आणली. त्याच्या घरी भजन असतं. महिनाभर देतो म्हणाला. पट्ट्यांवर खडूनं आकडे घातले म्हणजे मुलांना सोपं. किरिएचे आकडे आठवणीनं काढले. एस्तेर म्हणाली, "पप्पा, तिसरा आकडा खालचा पाहिजे." मी तिला सांगितलं, तू अजून लहान आहेस.

५ मार्च, संध्याकाळी

यश! ऑफिसातून येताना दारापासूनच आवाज ऐकला. अंगणात तिघं किरिए म्हणत होती. इतकं गोड की घरमालकीण बसम्मा तूर निवडायची थांबून ऐकत होती. मी कडी वाजवली आणि सगळं एकदम बंद. "पुढं म्हणा," म्हटलं तर रूबेनला तहान लागली, लिलीला शू लागली.

निष्कर्ष : माझी पद्धत मुरते आहे. मी नसतानासुद्धा काम करते. मी असताना त्यांच्यावर दडपण येतं, कारण आदर.

१२ मार्च

आजचं लिहू की नको.

ऑफिसात दिवसभर टँकरवरून आरडाओरडा. नायगावकडून आलेला एक फोन तर माझ्यावरच शिव्यांनी संपला. घरी आलो ते डोकं तापलेलंच. वर्गात एस्तेर त्याच जागी तोच सूर खाली घेत होती. पाच वेळा सांगितलं. पाचही वेळा ती म्हणाली, "पप्पा, असंच हाय ते." फूटपट्टी हातात होती. डाव्या हातावर दोन मारल्या. हलक्याच. उजव्या हातानं लिहायचं असतं म्हणून मुद्दाम डाव्यावर.

ती रडली नाही. हात पाठीमागे घेऊन उभी राहिली.

सिंधु उठली. माठाचं ओलं फडकं काढून तिच्या हाताला गुंडाळलं. बसम्मा दारातून म्हणाली, "मास्तर, देवाचं गाणं शिकवताव, अन् लेकराला मारून राहिलाव?"

मी म्हटलं, मी मास्तर नाही, क्लार्क आहे. आपण हे का म्हणालो ते आता कळत नाही.

१३ मार्च, दुपारी

घरात कोणी नसताना पेटी काढली. तो सूर तपासला. एस्तेर घेते तो पट्टीशी बरोबर जुळतो. मी घेतो तो जुळत नाही. दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी जातो, तिथे पट्टीच नाही.

पेटी बिघडलेली दिसते.

१४ मार्च

मल्लिकार्जुनला सांगितलं. तो म्हणाला, मागच्याच महिन्यात हैदराबादहून नीट करून आणली आहे, आणि पट्ट्यांवरचा खडू पुसून द्या. आता पेटीशिवाय शिकवणार. मूळ परंपरेत पेटी नव्हतीच.

१५ मार्च

एस्तेर वर्गाला येते, बसते, पुस्तक उघडते. तोंड उघडत नाही. फूटपट्टी कपाटावर ठेवली आहे. ती तिकडे बघत नाही. मी बघतो.

२० मार्च, सकाळी

पाचलाच जाग आली. घरात कोणी नव्हतं. आज दोन्ही कळशा मीच आणीन, म्हणजे एस्तेरला बरं वाटेल, असा विचार करून पाठोपाठ निघालो.

टँकर यायचा होता. बायका रांगेत घागरी ठेवून बसल्या होत्या. पालथ्या घागरीवर सिंधु बसली होती, समोर आपली तिघं. ती किरिए म्हणत होती. एक ओळ ती, एक ओळ मुलं. एस्तेर सगळ्यांत मोठ्यानं म्हणत होती. तिसरा सूर खालचाच होता. रांगेतल्या बायका गप्प बसून ऐकत होत्या. बसम्मा डोळे मिटून मान हलवत होती.

मी गिरणीच्या भिंतीआड थांबलो. मग तसाच घरी आलो आणि झोपल्याचं सोंग घेतलं. पाणी त्यांनीच आणलं.

माझंच शिकवलेलं सिंधु घोटून घेते, असं दिसतं. असिस्टंट म्हणून चांगली आहे.

(दुपारी : वरची ओळ खोडायची होती. शाई संपत आली आहे म्हणून ठेवली.)

२७ मार्च, झावळ्यांचा रविवार

फादरनी विचारलं, किरिए कुठपर्यंत आला? म्हटलं, मुलांनी लॅटिन फार लवकर पकडलं. फादर म्हणाले, "खरात, किरिए ग्रीक असतो." मी म्हटलं, हो, त्याच भागातला.

सिंधुनं पदर तोंडाला लावला. खोकला असावा.

३ एप्रिल, ईस्टर

आज सगळं होतं तसंच लिहायचं असं ठरवून बसलो आहे.

हॉल भरला होता. साठ-सत्तर माणसं, काही उदगीरहून आलेली. महागुरू आले. मी इस्त्रीचा बुशशर्ट घालून मुलांसमोर उभा राहिलो. पहिला सूर मी द्यायचा होता. दिला. तो इतका वर गेला की रूबेननं मान वर केली, सूर छताला लागलाय की काय बघायला. मुलांनी तोंडं उघडली, आवाज निघेना. मी दुसऱ्यांदा दिला. तो आणखी वेगळा निघाला. मागे कोणीतरी हसलं. महागुरूंनी पुस्तकातून वर पाहिलं. मी उगाच हात हलवत राहिलो.

तेव्हा बायकांच्या बाजूनं सूर आला. सिंधु उठलीसुद्धा नाही. बसल्या जागेवरून तिनं पहिली ओळ म्हटली, मुलांनी दुसरी घेतली. मग कुठेच अडलं नाही. तिन्ही गीतंसुद्धा. मुलं माझ्या खांद्यावरून पलीकडे तिच्याकडे बघत होती. मी मधे उभा राहून हात हलवत होतो. त्या हातांची कोणालाही गरज नव्हती.

मिस्सा संपल्यावर महागुरू आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, एवढ्या दुष्काळात, नव्या ठिकाणी, मुलांना तुम्ही हे शिकवलंत, फार मोठं काम केलंत.

मी म्हणालो, "चाळीस दिवस मेहनत घेतली."

सिंधु दोन पावलांवर होती, लिलीच्या चपला हातात घेऊन. तिनं खाली पाहिलं. एस्तेरनं खाली पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

घरी येताना ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही आईचं नाव का न्हाई घेतलं?"

मी म्हटलं, गर्दी होती.

४ एप्रिल

ऑफिसात तीन जणांनी अभिनंदन केलं. कोणाकडून कळलं कोण जाणे. मी थँक्यू म्हणालो. तिन्ही वेळा.

५ एप्रिल

आज सिंधुशी स्पष्ट बोलायचं. वाक्य बसमध्येच ठरवलं होतं. घरी आलो, ती समोर उभी राहिली, मी म्हटलं, "चहा आहे का?" होता.

६ एप्रिल

बोललो. म्हटलं, तुझा आवाज चांगला आहे.

ती ज्वारी पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "बारा वर्षांनी ऐकू आला व्हय?"

मी म्हटलं, तू घरात कधी गातच नाहीस, तर मला कसं कळणार? मग तिनं सूप खाली ठेवलं. म्हणाली, "कंधारचा नाताळ आठवा."

लग्नानंतरचा पहिला नाताळ. कंधारला, माझ्या वडिलांच्या घरी. सिंधु सिस्टरांच्या बोर्डिंगात वाढलेली, सगळी गाणी पाठ. तिनं एक म्हटलं. घर भरलेलं होतं. माझा बाप डोळे पुसत म्हणाला, पोरी, अजून एक. तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "गळा आहे, पण शास्त्र नाही. ज्याला कळत नाही त्यानं उगाच गाऊ नये." चार-दोन माणसं हसली. ती उठून भांडी घासायला गेली.

"लई लागलं होतं तवा," ती म्हणाली. "मंग म्हटलं, जाऊ द्या. टँकरच्या रांगेत कुणी शास्त्र इचारत न्हाई."

मी ते विसरलो होतो, असं इथे लिहिणार होतो. विसरलो नव्हतो. बाप माझ्या गाण्यावर कधी रडला नव्हता, एवढंच त्या दिवशी झालं होतं.

माझं चुकलं, असं म्हटलं. आवाज फार बारीक निघाला. तिनं ऐकलं की नाही ते माहीत नाही. सूप पुन्हा सुरू झालं.

७ एप्रिल

एस्तेरला जवळ बोलावलं. हात बघू म्हटलं. डावा पुढे केला. काही वळ नव्हता.

"कवाच गेलं ते," ती म्हणाली.

तुझा सूर बरोबर होता, असं तिला सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं." मग माफी मागायची होती. त्याऐवजी म्हणालो, फूटपट्टी ऑफिसात नेऊन ठेवली आहे, तिथे रेघा मारायला लागते. ती "बरं" म्हणाली आणि दारापर्यंत गेली. तिथून परत आली, म्हणाली, "पप्पा, तुम्ही मला आईसमोर मारलं, आईला लई वाईट वाटलं. तिला सॉरी म्हणा."

म्हटलं, तुलाही म्हणतो. सॉरी.

ती गेल्यावर ऑफिसातून आणलेला टँकरचा तक्ता पुढ्यात घेतला. एका गावाला दोनदा टँकर लिहिला गेला. तो तसाच ठेवावा असं वाटलं, पण खोडला.

१० एप्रिल, रविवार

मिस्सेआधी फादरना बाजूला घेतलं. सगळं सांगितलं. चार वर्षं नाहीत, पाच महिने. मुलांना मी नाही, सिंधुनं शिकवलं. महागुरूंपुढे मी खोटं बोललो, आता सर्वांसमोर उभा राहून कबूल करायची माझी तयारी आहे. आदल्या रात्रीच भाषण लिहून काढलं होतं, दीड पान.

फादर म्हणाले, "खरात, सर्वांसमोर कशाला? हॉलमधल्या सगळ्यांना कान आहेत."

महागुरूंना? असं विचारलं.

"त्यांनी मोटारीत बसताना मला विचारलं, त्या बाईंचं नाव काय."

दीड पान खिशातच राहिलं. म्हणजे आठवडाभर मी जे लपवत होतो ते फक्त माझ्यापासून लपलेलं होतं. फादरनी जाहीर केलं की पुढच्या रविवारपासून सिंधुबाई सगळ्या मुलांचा वर्ग घेतील, खरातांच्या घरी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी सगळ्यांत आधी वाजवल्या, हे नोंदवून ठेवतो.

१७ एप्रिल, रविवार

पहिला वर्ग. अकरा मुलं. बसम्मानं अंगण झाडून सतरंजी टाकली आणि स्वतःही एका टोकाला बसली. म्हणाली, आमच्या महादेवाला चालतंय. पाणी माझ्याकडे होतं. सकाळी रांगेत उभा राहून चार घागरी आणल्या. एक वाटेत सांडली.

सिंधु शिकवते तेव्हा कोणाला ओरडत नाही. चुकलं की थांबते आणि तोच सूर पुन्हा देते, बस्स. मूल आपणच येऊन त्याच्यावर बसतं. मी दाराशी उभा राहून बघत होतो. तिनं मान वळवली, म्हणाली, "उभे काय ऱ्हायलाव? बसा की तुम्ही बी."

मला फार बरं वाटलं. शेवटच्या ओळीत लिलीच्या मागे जाऊन बसलो. सगळ्यांबरोबर म्हणायला लागलो, अगदी हळू, मनापासून.

सिंधु थांबली. इकडेतिकडे पाहिलं. पुन्हा सुरू केलं. पुन्हा थांबली. "मागून कोण करून राहिलंय ते?" तिनं विचारलं. अकरा डोकी मागे वळली. एस्तेरनं ओठ घट्ट दाबून धरले होते. हसू होतं, राग नव्हता.

लिली उठून आली. माझ्या कानाला दोन्ही हात लावून म्हणाली, "पप्पा, तुम्ही नुसतं तोंड हलवा."

हलवलं. वर्ग संपेपर्यंत हलवलं.