आखाजीला आलेली अक्का

१२ एप्रिल १९८९, जळगाव

मंजूर! अक्काला इथं राहायची परवानगी मिळाली. पोस्टमन लिफाफा देऊन गेला आणि मी पायरीवरच बसून वाचला. दोनदा.

अक्का लग्न होऊन कराचीला गेली तेव्हा मी पाचवीत होतो. नदीची कविता तिनंच माझ्याकडून पाठ करून घेतली होती — तापीवर गोधड्या धुता धुता. एक ओळ, एक आपट! पुढं देशच दोन झाले. भाऊजी गेले. मूलबाळ नाही. आता तिथं तिचं कोण? भेटीच्या व्हिसावर आली तेव्हाच ठरवलं — आता हिला जाऊ द्यायचं नाही. अर्ज मीच लिहिला. तिनं माझ्याकडे बघत सही केली.

प्रमिला म्हणाली, साठी उलटल्यावर नणंद घरात आली, तीही सरकारी शिक्क्याची. अक्का खूप हसली.

१७ एप्रिल

एसपी ऑफिसात नोंदणी. मला वाटलेलं, मंजुरी आली म्हणजे झालं. जमादार म्हणाला, नाना, खरी धावपळ आता. फोटो द्या. माझी हमी. घर बदललं तर कळवा. दर वर्षी मुदत वाढवून घ्या. जळगाव शहराबाहेर पाऊल टाकायचं तर आधी परवानगी. मग पुष्कळ वर्षांनी नागरिकत्व. मी मान डोलवत होतो — लक्ष होतं भिंतीवरच्या नकाशात. तापी शोधत होतो.

त्यानं अक्काला हिंदीत नाव-गाव विचारलं. अक्कानं सासर-माहेर सगळं अहिराणीत सांगितलं. तो साक्रीकडचा. पेन खाली ठेवला. म्हणाला, पाकिस्तानी पासपोर्टावर अशी अहिराणी! माझी आजी असं बोलायची. चहा मागवला.

२० एप्रिल

रेशनकार्डात नाव घालायला निघालो होतो. वाटेत शाळेतली मुलं कविता म्हणत होती — भिंतीशी उभा राहिलो. ऑफिस बंद झालं.

२८ एप्रिल

अक्का शेजारच्या ताईबाईच्या सुनेला झबलं बेतायला शिकवतेय. कराचीला गल्लीतल्या मुलींना शिवण शिकवायची. म्हणाली, तिघींचं अर्धं राहिलं. मी म्हटलं, इथं काय मुली कमी आहेत? ती कात्री चालवत राहिली.

८ मे, चोपडा

आखाजी, आमची अक्षय्य तृतीया! सकाळच्या एस.टी.नं अक्काला घेऊन आलो. पुतण्या झुलालनं मळ्यातल्या निंबाला झोका बांधलाय. माहेरवाशिणींची ही गर्दी! आमरस, सांजोऱ्या. अक्का झोक्यावर उभी राहिली — या वयात! केळीच्या बागांवरून गार वारा येत होता, ती वर जात होती, खाली येत होती, आणि मी पाचवीत होतो. कवितेची दुसरी ओळ आठवेना. तिनं वरूनच सांगितली.

एक पोरगी ओरडली, "ओ पाकिस्तानवाली आत्या, उतर ना! आमनी बारी शे." सगळ्या हसल्या. अक्काही. पण लगेच उतरली.

१० मे, जळगाव

शिपाई येऊन गेला. कुंदाबाई — म्हणजे आमची अक्का — शहर सोडून गेल्या होत्या असं कळलंय, उद्या ऑफिसात या.

अरे देवा. परवानगी! मनातसुद्धा आलं नाही. चोपडा काय परगाव? आपलाच जिल्हा. माहेरी जायला कोण कागद मागतं? प्रमिला म्हणाली, तुम्ही नेहमी ढगातच. खरंय. आता माझ्या पायी अक्काला परत पाठवलं तर?

११ मे

जमादार भला माणूस. वाट त्यानंच काढली — आजी तापानं घरीच होत्या, असं लिहितो. मी घाईघाईनं हो म्हणालो.

अक्का म्हणाली, "नही साहेब. मी चोपडाले गयथू. लिखी ल्या."

असं लिहिलं तर परवानगी जाईल, आजी, तो म्हणाला.

"माले माहीत शे."

रिक्षात बसलो. घराच्या वळणावर ती म्हणाली, "आखाजी व्हयनी, पंडित. माहेर शे ते आखाजीपुरतं. तिथं कराचीले बठ्ठ्या पोरी मनी वाट देखतस."

मग अर्जाच्या वेळीच का नाही सांगितलंस?

म्हणाली, तुझं तोंड बघितलं होतं ना.

१३ मे

परतीला काय काय कागद लागतात ते विचारून आलो. अक्काला म्हटलं, पुढच्या आखाजीला येशील?

"तू मुराळी ये, मंग येसू."

खरंच की. बहिणीला आणायला भावानंच जायचं असतं. मला पासपोर्ट नाही. सोमवारी अर्ज आणतो.